हिंगणघाटहून शिकागो नेमके किती दूर? एकाच अंतराचे चार आकडे

वणाकाठचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. हिंगणघाट आणि समुद्रपूर यांच्या मधल्या एका खेड्यात माझी कापूस-तुरीची शेती आहे. मोठी मुलगी दोन वर्षांपासून शिकागोला शिकते आहे. कापसाची पहिली वेचणी आटोपली की आम्ही दोघे नवरा-बायको तिच्याकडे जाऊन येण्याच्या विचारात आहोत. घरी ही चर्चा चालू असताना ८४ वर्षांच्या माझ्या आईने एक साधा प्रश्न विचारला, "पोरगी किती कोसावर हाय रे आपली?" मला उत्तर देता आले नाही, म्हणून मोबाइलवर शोधायला बसलो आणि अधिकच गोंधळलो.

नागपूर ते शिकागो हे विमानमार्गाचे अंतर एका संकेतस्थळावर १२,८७५ दाखवले आहे, तर दुसऱ्यावर ८,०००. नागपूरला शिकणारा माझा भाचा ६,९५० म्हणतो. दोह्यावरून जाणाऱ्या तिकिटाच्या दोन टप्प्यांची बेरीज मी स्वतः केली, तेव्हा १४,२९६ आले. चारही आकडे बरोबर असू शकतील का, आणि असतील तर आईला कोणता सांगावा, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न आमच्या गावातल्या पारावरचा आहे. संकेतस्थळावरच्या नकाशात नागपूरहून निघालेली रेघ थेट उत्तरेकडे चढून जवळजवळ ध्रुवापर्यंत जाते आणि पलीकडून शिकागोला उतरते. ते चित्र मी पारावर दाखवले, तेव्हा आमचे एक काकाजी म्हणाले, "अमेरिका त मावळतीकडे हाय न बाबू, मंग इमान उत्तरेकडं काऊन जाईन?" त्यावरही माझ्याकडे उत्तर नव्हते. जाणकारांनी समजावून सांगावे.

आर्वीचा_माजी_वायुसैनिक

भाऊ, आधी आकड्यांचा गुंता सोडवू, कारण तो वाटतो तेवढा मोठा नाही. तुमचे पहिले तीन आकडे म्हणजे एकच अंतर तीन मापांत सांगितलेले आहे. १२,८७५ हे किलोमीटर आहेत. ८,००० हे आपल्या आजोबांच्या काळातले जमिनीवरचे मैल आहेत. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, गुणाकार करून पाहा. तुमच्या भाच्याने सांगितलेले ६,९५० हे सागरी मैल आहेत. विमान आणि जहाज चालवणारे लोक अजूनही याच मैलात हिशोब करतात, आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो.

हा सागरी मैल १.८५२ असा अडनिडा का, हे समजले की पुढचे बरेचसे आपोआप समजेल. पृथ्वीच्या मध्यातून कापणारे सर्वांत मोठे वर्तुळ घ्या, त्याचे ३६० अंश करा आणि प्रत्येक अंशाचे ६० भाग करा. त्यातल्या एका भागाची जमिनीवरची लांबी म्हणजे जवळपास एक सागरी मैल. त्यामुळे दोन शहरांमधला कोन अंशांत कळला की त्याला ६० ने गुणायचे आणि अंतर तयार. नागपूर आणि शिकागो यांच्यात तो कोन ११५.८ अंशांचा आहे.

चौथा आकडा मात्र खरोखर वेगळा आहे, कारण तो दोह्याला वळसा घालून जाणाऱ्या वाटेचा आहे. पण तोही चूक नाही, तुम्ही त्या वाटेने गेलात तर तितकेच अंतर जाल.

जिप_गुरुजी

पारावरच्या काकाजींचा प्रश्न माझ्या सातवीच्या वर्गातही दरवर्षी येतो, म्हणून शाळेत करतो तो प्रयोग सांगतो. आमच्या जिल्हा परिषद शाळेत ३० सेंटिमीटर व्यासाचा एक जुना पृथ्वीगोल आहे. त्याचा स्टँड मोडलेला असल्यामुळे तो ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर ठेवावा लागतो, आणि वर्षानुवर्षे मुलांनी वरून बोट लावून फिरवल्यामुळे उत्तर ध्रुवाजवळचा रंग पार उडून गेला आहे. तुमचा धागा वाचला आणि काल मधल्या सुट्टीत सुताचा एक तुकडा घेतला. एक टोक नागपूरवर अंगठ्याने दाबले, दुसरे शिकागोवर ठेवून ओढले, आणि सूत कुठे जाऊन बसते ते मुलांना पाहायला सांगितले. ढिले असताना ते अरबस्तानावरून, भूमध्य समुद्रावरून आडवे पडले होते. जसजसे ताणत गेलो तसतसे ते आपणहून वर सरकत गेले आणि शेवटी नेमके त्या रंग उडालेल्या भागाजवळून जाऊन थांबले. त्यापलीकडे कितीही ओढले तरी हलेना.

त्या ताणलेल्या सुताची लांबी फुटपट्टीवर ३०.५ सेंटिमीटर भरली. गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर, पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. हिशोब केल्यावर १२,९६० च्या आसपास उत्तर आले. संगणकाच्या १२,८७५ पेक्षा फक्त ८५ किलोमीटर जास्त, आणि तेवढी चूक माझ्या अंगठ्याच्या जाडीतही मावते.

काकाजींची दिशाभूल होते ती भिंतीवरच्या सपाट नकाशामुळे. आपल्या सवयीचा तो नकाशा मर्केटरने १५६९ साली मांडलेल्या पद्धतीवर बेतलेला असतो आणि तो खलाशांसाठी होता. त्यावर सरळ रेघ मारली की होकायंत्राची एकच दिशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरता येते, हा त्याचा गुण. पण त्या सोयीसाठी उत्तरेकडचा सगळा प्रदेश आडवा ताणून फुगवावा लागतो. प्रत्यक्षात ६० अंश उत्तर अक्षवृत्ताची लांबी विषुववृत्ताच्या बरोबर निम्मी आहे, नकाशावर मात्र दोन्ही रेघा सारख्याच लांब दिसतात. म्हणून नकाशावर 'सरळ' दिसणारी वाट पृथ्वीवर लांब असते आणि कमानीसारखी दिसणारी वाट खरी सरळ असते.

काकाजींच्या मनातली वाट किती लांब पडते, तेही काढून पाहिले. नागपूरहून कायम एकच दिशा धरून मावळतीकडे निघाले तर अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया आणि मग अख्खा अटलांटिक महासागर ओलांडून शिकागो येते. ती वाट सुमारे १५,८४० किलोमीटरची आहे, म्हणजे सुताच्या वाटेपेक्षा जवळपास ३,००० किलोमीटर जास्त.

पंचांगवाचक

गुरुजींनी सुताने केले ते मी वहीत करून पाहिले, कारण आमच्या घरी तीन पिढ्या पंचांगाचे गणित चालत आले आहे आणि गोलावरचे त्रिकोण आम्हाला परके नाहीत. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्गणितात उज्जयिनीवरून जाणारे रेखावृत्त हेच शून्य मानत, आणि आपले गाव त्यापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती आहे हे पाहून देशांतराचा संस्कार, म्हणजे त्या फरकापुरती गणितात दुरुस्ती, करत. इथेही तेच करायचे आहे, फक्त शून्य ग्रीनिचला आहे.

नागपूर विमानतळ २१.०९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे. शिकागोचा ओहेर विमानतळ ४१.९८ अंश उत्तर आणि ८७.९० अंश पश्चिम. दोघांच्या रेखांशांतला फरक १६६.९५ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साईनचा गुणाकार करा, तो ०.२४०७ येतो. दोन्ही अक्षांशांचे कोसाईन आणि रेखांशफरकाचा कोसाईन या तिघांचा गुणाकार उणे ०.६७५७ येतो. बेरीज उणे ०.४३५०. ज्या कोनाचा कोसाईन एवढा आहे तो कोन ११५.७८ अंशांचा, आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की एका अंशाला १११.१९५ किलोमीटर पडतात. उत्तर १२,८७५. कॅल्क्युलेटर असलेल्या दहावी-बारावीच्या कोणत्याही मुलाला हे पाच मिनिटांत जमेल, आणि जमले नाही तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर आहे का ते आधी पाहावे. माझा पहिला अर्धा तास त्यातच गेला.

याच गणितातून वाटही निघते. नागपूरहून निघताना दिशा खऱ्या उत्तरेच्या जेमतेम ११ अंश पश्चिमेला, म्हणजे काकाजींना 'उत्तर'च वाटेल अशी. मग काश्मीर, काराकोरम, किरगिझस्तान, कझाकस्तान, पश्चिम सायबेरिया, बॅरेंट्स समुद्र. सर्वांत वरचा बिंदू जवळजवळ ८० अंश उत्तरेला, ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या समुद्रावर. तिथून ग्रीनलंडचा वायव्य भाग, बॅफिन बेट, हडसन उपसागर आणि शिकागो.

वणाकाठचा_शेतकरी

गुरुजी, पंचांगवाचक, दोघांचेही आभार. सायबेरिया आणि ग्रीनलंड ऐकून बायकोने आत्ताच दोन स्वेटर जास्तीचे बाहेर काढले. एक विचारतो. ही रेघ काश्मीरवरून जाते तर मधे दिल्ली कुठे राहते? आम्हाला एक तिकीट दिल्लीवरून, एक मुंबईवरून आणि एक दोह्यावरून असे तीन पर्याय सांगितले आहेत.

संत्राबाग_काटोल

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मी मजा म्हणून तिन्ही वाटांचे टप्पे मोजले, आणि एक गोष्ट पाहून चकितच झालो. नागपूर ते दिल्ली ८५४ किलोमीटर आणि दिल्ली ते शिकागो १२,०२१ किलोमीटर. बेरीज करा: १२,८७५. म्हणजे दिल्लीला उतरून विमान बदलले तरी अंतरात एका किलोमीटरचीही भर पडत नाही म्हणायला हरकत नाही, कारण नागपूरहून शिकागोला जाणारी सरळ रेघ दिल्ली विमानतळाच्या फक्त ३० किलोमीटर पूर्वेकडून जाते. दिल्ली आपल्या वाटेतच आहे, अगदी हिंगणघाटहून नागपूरला जाताना बुटीबोरी लागावी तशी.

मुंबईचे तसे नाही. नागपूर ते मुंबई ६८३ आणि मुंबई ते शिकागो १२,९४३, म्हणजे एकूण १३,६२६. मुंबई शिकागोच्या दिशेला आहे असे आपल्याला नकाशा पाहून वाटते, पण प्रत्यक्षात मुंबईला पोहोचल्यावर शिकागो नागपूरपेक्षा ६८ किलोमीटर लांबच गेलेले असते. दोहा २,८३८ आणि तिथून पुढे ११,४५८, बेरीज तुम्ही काढली तीच, १४,२९६. सरळ वाटेपेक्षा १,४२१ किलोमीटर जास्त, म्हणजे साधारण दीड-पावणेदोन तासांचे उड्डाण.

जाता जाता एक सांगतो, विषयाला धरूनच आहे. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा फायदा विमानांनी फार पूर्वीच ओळखला होता. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून विमाने रात्री नागपूरला येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. माझे वडील सांगत की पाऊस नसला की आमच्या बागेतून त्यांचा आवाज ऐकू यायचा.

धामणगावची_सून

अंतरावर चर्चा चालली आहे म्हणून स्वतःचा अनुभव लिहिते, म्हणजे तुमचे पैसे आणि पाय दोन्ही वाचतील. माझ्या सासूबाई मागे माझ्या नणंदेकडे शिकागोलाच गेल्या होत्या. तिकीट आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका एजंटाकडून काढले. त्याने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून "हा बघा, एकदम सरळ रस्ता" म्हणून जे तिकीट दिले, त्यात आधी मुंबई, मग आखातातले एक शहर, मग युरोपातले एक शहर आणि मग शिकागो होते. तीन ठिकाणी विमान बदलायचे होते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला एका ठिकाणी नऊ तास खुर्चीत बसून काढावे लागले. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "उडण्याचं दुखणं नोहोतं, बसण्याचं होतं." तेव्हा नकाशावरच्या सरळ रेघेवर आम्ही विश्वास ठेवला, कारण आम्हालाही तेवढेच ठाऊक होते. दादा, तिकीट पाहताना आधी थांबे मोजा, मग दोन विमानांच्या मधला वेळ मोजा. किलोमीटर सगळ्यांत शेवटी.

मेळघाटवासी

एक शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसते वर जाऊन थांबले तर शिकागो आपोआप खाली यायला पाहिजे. निदान पश्चिमेकडे जाणारे विमान तरी लवकर पोहोचायला हवे. पण माझा भाऊ म्हणतो की अमेरिकेला जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी. हे उलटे कसे?

आर्वीचा_माजी_वायुसैनिक

शंका जुनी आहे आणि विचारली ते बरे केले. विमान ज्या हवेवर तरंगते ती हवा पृथ्वीबरोबरच फिरत असते. धावत्या एसटीत बसून लिंबू वर फेकले तर ते मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यात पडत नाही, आपल्याच हातात येते. विमानाचेही तसेच आहे, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा कोणालाच मिळत नाही.

वेळेत फरक पडतो तो वाऱ्यामुळे. मध्य अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे पट्टे असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात, आणि प्रवासी विमाने नेमकी त्याच उंचीवर उडतात. साधा हिशोब करू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर १२,८७५ किलोमीटरला सव्वाचौदा तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. सरासरी १०० किलोमीटरचा वारा सतत समोरून असेल तर सोळा तास, आणि पाठीमागून असेल तर तेरा तासांच्या आत. अंतर तेच, वेळेत तीन तासांचा फरक.

वारा अंतरावर कशी मात करतो, याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकवरून जायचे, ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, प्रशांत महासागरावरून नेले. ती वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, पण वारा पाठीशी असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत आणि पूर्वीपेक्षा लवकर पोहोचले. मी सेवेत असताना आमचे एक वरिष्ठ म्हणायचे की जमिनीवरचे अंतर नकाशाला विचारा आणि हवेतले अंतर हवेला. तेव्हा ते उगाच वाटायचे.

जिप_गुरुजी

वायुसैनिक साहेब, मग पंचांगवाचकांनी काढलेल्या वाटेवरून खरोखर कोणी जाते का? मुलांना 'हीच वाट' म्हणून सांगावे की नाही, हा माझा प्रश्न आहे.

आर्वीचा_माजी_वायुसैनिक

गुरुजी, मुलांना 'ही सर्वांत जवळची वाट' म्हणून सांगा, 'हीच वाट' म्हणून नको. ती तंतोतंत पाळणे क्वचितच शक्य होते, आणि त्याची कारणे तीन वेगवेगळ्या जातींची आहेत.

पहिले कारण डोंगर. ही रेघ काराकोरममधून जाते, आणि त्याच रांगेत ८,६११ मीटर उंचीचे के-टू शिखर आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झटकन सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. खाली डोंगरच असतील तर उतरणार कुठे? म्हणून अशा भागावरून जायचेच असेल तर बाहेर पडण्याच्या वाटा आधी ठरवून ठेवाव्या लागतात, नाहीतर वळसा घ्यावा लागतो.

दुसरे कारण ध्रुव. ७८ अंश उत्तरेच्या पलीकडचा प्रदेश अमेरिकी नियमांत ध्रुवीय क्षेत्र मानला जातो आणि तिथून उडायला वेगळी तयारी लागते. चुंबकीय होकायंत्र तिथे भरवशाचे राहत नाही. विमानाचे जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागते, त्यामुळे टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडले तरी ठरलेल्या वेळेत गाठता येईल असा विमानतळ कायम जवळपास असावा लागतो. हे सगळे जमते, जमत नाही असे नाही. २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरपर्यंतचे विमान उत्तर ध्रुवावरून आणले. ते अंतर जवळपास १४,००० किलोमीटरचे आहे.

तिसरे कारण सर्वांत त्रासदायक, कारण ते निसर्गाचे नाही. दिल्लीच्या वायव्येला पाकिस्तानची हवाई हद्द आहे. ती २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद होती, आणि २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद झाली. हद्द बंद असली की दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला आधी गुजरातकडे खाली उतरून अरबी समुद्रावरून जावे लागते. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मग इंधनासाठी युरोपात थांबावे लागले. रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, आपल्या कंपन्यांना नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीचे विमान एका वाटेने जाते आणि दुसऱ्या कंपनीचे भलत्याच. सायबेरियावरून जाण्यातही सगळे सुखाचे नसते. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या मगदान या गावी उतरवावे लागले होते.

वणाकाठचाच_आणखी_एक

इतकी चर्चा झाली आणि हिंगणघाटचे नाव शीर्षकात असूनही कोणी लॅम्ब्टनचे नाव काढले नाही, म्हणून मी लिहितो. पृथ्वीवरचे अंतर काटेकोर मोजण्याच्या कामात आपल्या गावाचा वाटा नसेल, पण त्या कामाचा एक माणूस इथेच संपला. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक पायारेषा साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोणांवर त्रिकोण रचत तो उत्तरेकडे निघाला. एकच बाजू साखळीने मोजायची, बाकी सगळे फक्त कोन मोजून काढायचे, अशी ती पद्धत. त्याचे कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते आणि ते देवळांच्या गोपुरांवरही चढवले जाई. हैदराबादकडून नागपूरला येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला आणि त्याची कबरही इथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. लहानपणी आम्ही त्या बाजूला बोरे वेचायला जात असू, तेव्हा कोणा 'साहेबाची' कबर एवढेच ठाऊक होते.

हे इथे सांगण्याचे कारण असे की लॅम्ब्टनला नुसता नकाशा काढायचा नव्हता. एका अंश अक्षांशाची लांबी दक्षिणेत किती आणि उत्तरेकडे सरकताना किती, हे मोजून त्याला पृथ्वीचा आकार ठरवायचा होता. विषुववृत्ताजवळ एका अंशाला ११०.५७ किलोमीटर पडतात आणि ध्रुवाजवळ १११.६९, कारण पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरहून थोडी जास्त आहे. वर पंचांगवाचकांनी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरून गणित केले, त्यात काही चूक नाही. पण जी संकेतस्थळे चपटेपणा धरून गणित करतात, त्यांचा आकडा थोडा वेगळा येतो. हा फरक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे या अंतरात साठ-पासष्ट किलोमीटरच्या आतला. शिवाय कोणी शहराच्या मध्यापासून मोजतो, कोणी विमानतळापासून. ओहेर विमानतळच शिकागोच्या मध्यवस्तीपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. तेव्हा एखाद्या संकेतस्थळावर १२,८९० किंवा १२,८६० दिसले तर घाबरू नका.

पंचांगवाचक

ही माहिती उत्तम. एक छोटी भर घालतो, कारण गावाकडे सर्रास म्हणतात की अमेरिका आपल्या पायाखाली आहे. नागपूरच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या आरपार, २१ अंश दक्षिण आणि १०१ अंश पश्चिम हा बिंदू येतो, आणि तिथे प्रशांत महासागराच्या पाण्याशिवाय काही नाही. पृथ्वीवर कोणतेही दोन बिंदू एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत. त्या हिशोबाने शिकागो दोन तृतीयांशांपेक्षा थोडे अलीकडेच आहे.

संत्राबाग_काटोल

म्हणजे जगातले सर्वांत लांबचे नियमित विमानही त्या टोकापर्यंत जात नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे थेट विमान सुमारे १५,३५० किलोमीटर जाते आणि त्याला अठरा तासांहून जास्त वेळ लागतो. भाऊ, त्यापुढे तुमची मुलगी जवळच म्हणायची.

वणाकाठचा_शेतकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सर्व पारावर वाचून दाखवले. काकाजींना सुताचा प्रयोग पटला, पण "एवढ्या थंडीतून कायले जा लागते" हे त्यांचे म्हणणे कायम आहे.

आईचा हिशोबही जुळला. आमच्याकडे एक कोस म्हणजे दोन मैल धरतात, आणि वायुसैनिक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे अंतर ८,००० मैल, म्हणजे बरोबर चार हजार कोस. एवढा मोठा आकडा तिला कळेल असे वाटले नाही म्हणून पंढरपूर सांगून पाहिले. हिंगणघाटहून पंढरपूर आकाशमार्गे सुमारे ४९० किलोमीटर येते, म्हणजे दीडशे कोसांपेक्षा थोडे जास्त. ती थोडा वेळ बोटांवर मोजत बसली आणि म्हणाली, "म्हंजे सव्वीस पंढरपूर." नंतर तिने विचारले, "मंग मधात मुक्काम कुठी कराचा?" धामणगावच्या ताईंनी जे लिहिले होते तेच तिने न वाचता विचारले.

त्यामुळे आता आम्ही मुक्कामावरूनच ठरवतो आहोत. अंतराने दिल्ली सरस आहे हे कळले. पण आम्हाला सांगितलेल्या दिल्लीच्या तिकिटात दोन विमानांमध्ये अकरा तासांचे अंतर आहे, आणि दोह्याच्या तिकिटात साडेतीन तासांचे. दोह्याला १,४२१ किलोमीटर जास्त पडतात, तरी बायकोचे मत दोह्याकडे आहे. फक्त नागपूरहून दोह्याचे विमान पहाटेचे आहे आणि आमच्या गावाहून नागपूर विमानतळ गाठायला रात्रीच निघावे लागेल. समुद्रपूरकडून रात्री दहानंतर नागपूरला जाणारी एसटी आहे का, हे इथल्या कोणाला ठाऊक असेल तर कळवावे.